साखर दाराशी येईपर्यंत

१५ नोव्हेंबर १९५३, कोलशेत

आलो एकदाचे! ठाण्याहून टांगा केला, तर टांगेवाला वाटभर कुरकुरत होता. कोलशेतला खाडी, मिठागरं आणि डास यांखेरीज आहे काय, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, आता आम्ही दोघी आहोत. उत्तरा खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

डॉक्टर प्रभाकर टिपणीसांचा बंगला बैठा आहे, कौलारू, चारी बाजूंनी पडवी. मागच्या बाजूला प्रयोगशाळा आणि तिला लागून आमच्या दोन खोल्या. खिडकीतून खाडी दिसते. ओहोटीला नुसता चिखल आणि त्यात आपले चालणारे बगळे. उत्तराने एका बगळ्याचं नाव लगेच 'हेडमास्तर' ठेवलं.

इथे म्हशींच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढतात. पुण्याहून निघताना सासूबाई म्हणाल्या की बी.एस्सी. झालेली सून कत्तलखान्याचा माल निवडायला निघाली, आता या घरात येशील तर आधी मागच्या दाराशी आंघोळ करून ये. मी हो म्हटलं. परत जायचंच कुणाला आहे? हे गेल्यापासून त्या घरात आम्हा दोघींचं ओझंच झालं होतं, आणि उत्तराला मधुमेह निघाल्यावर तर सगळे कसे समजूतदार झाले. पोरीची जात, देवाची इच्छा, वगैरे. नऊ वर्षांच्या लेकराबद्दल असं बोलवतं तरी कसं!

डॉक्टरांनी पत्रात लिहिलं होतं की इथे तयार होणारं इन्सुलिन उत्तराला मिळेल. बाकीचं पत्र मी वाचलंच नाही.

संध्याकाळी सुई टोचली. नेहमीप्रमाणे तिने माझी करंगळी घट्ट धरली आणि म्हणाली, "टोच, पण सांगून टोच." मग लघवी निळ्या पाण्यात घालून उकळली. हिरवट झाली. साखर आहे, पण थोडी. विटकरी झाली नाही ना, मग आजचा दिवस आपला.

डॉक्टरांच्या पत्नी सुहासिनीबाई जेवण घेऊन आल्या. शांत बाई. उत्तराकडे मात्र फार वेळ बघत राहिल्या. त्यांना मूलबाळ नसावं.

१९ नोव्हेंबर

कामाची सवय होते आहे. गुणाजी पहाटे कल्याणहून बर्फाच्या पेटीत ग्रंथी घेऊन येतो. त्या यंत्रात बारीक करायच्या, आम्ल घातलेल्या स्पिरिटात भिजवायच्या, गाळायच्या, पुन्हा गाळायच्या. बाटल्या धुवायला गावातली ठमाबाई आहे. मला शेंडीपासून नखापर्यंत न्याहाळून म्हणाली, "बाय, तुज्या आंगान मास नाय, तू म्हशी काय कापनार?" तेव्हापासून आमचं जमलं.

डॉक्टर शिकवतात छान. या ग्रंथीचे धंदे दोन, असं ते म्हणाले. एक अन्न पचवायचा रस आणि दुसरा इन्सुलिन. बर्फाला उशीर झाला की पहिला रस दुसऱ्याला खाऊन टाकतो आणि हाती नुसता लगदा उरतो. म्हणून गुणाजीची लॉरी वेळेवर आली नाही की डॉक्टर फाटकाशी येरझारा घालतात.

मग त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दाखवल्या. जांभळे कण, अगदी राळ्याएवढे बारीक. त्यांनी वाण्याची उपमा दिली. पेशी माल तयार करते, निवडून-पाखडून नीट करते, त्याच्या पुड्या बांधते आणि दाराशी रचून ठेवते. रक्तातून साखर दाराशी आली की मगच पुडी बाहेर पडते. तोवर नाही. पोटभर जेवलेल्या जनावराची पेशी म्हणून रिकामी दिसते आणि उपाशी जनावराची गच्च भरलेली.

एक काचपट्टी तर इतकी गच्च होती की सगळी पेशीच जांभळी. कुठलं जनावर म्हणून मी विचारलं. त्यांनी ती पट्टी काढून खिशात ठेवली आणि औषध तपासायला पाळलेले ससे बघायला गेले.

२९ नोव्हेंबर

लॉरी दोनदा बंद पडली. दोन्ही खेपांचा माल वाया. पहिल्या खेपेचं इन्सुलिन सशाला टोचलं तर ससा गवत खात निवांत बसून राहिला, म्हणजे औषधात काही राम नाही. पुण्याहून आणलेली परदेशी इन्सुलिनची बाटली संपत आली आहे आणि मुंबईच्या दुकानात नवी यायला अवकाश आहे.

उत्तराचं पाणी आज विटकरी झालं. सारखी तहान तहान करते. हेडमास्तरांना बघायलाही उठली नाही.

२ डिसेंबर

उलट्या. श्वासाला जास्त पिकलेल्या केळ्याचा वास. हा वास मला माहीत आहे, पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितला होता. हा वास आला की दिवस नाही, तास मोजायचे, असं ते म्हणाले होते.

मी डॉक्टरांच्या पायांवर डोकं ठेवलं. शिकलेली बाई असं करत नाही हे मला ठाऊक आहे.

३ डिसेंबर

देवा, जगली!

डॉक्टर सकाळी एक छोटी कुपी घेऊन आले. वर चिठ्ठी नाही, काही नाही. सुहासिनीबाई त्यांच्यामागे दारात उभ्या होत्या आणि त्या देऊ नका अशी खूण करत होत्या की द्या अशी, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. दुपारपर्यंत उत्तराने डोळे उघडले, पाणी मागितलं. संध्याकाळी पाणी उकळलं तर निळं! असं निळं मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. परीक्षानळी हातात घेऊन मी पडवीत बसून मोठ्याने रडले. ठमाबाई येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

१० डिसेंबर

त्याच कुपीतला थेंबभर रोज पुरतो. उत्तरा गुबगुबीत होते आहे. गाल आले आहेत. मला लिहिताना हसू येतं आहे, लोकांच्या पोरी गोऱ्या झाल्या की आया खूश होतात आणि मी लघवी निळी झाली की.

आज एकदा औषध जास्त झालं असावं. घाम फुटला, हातपाय थरथरले. अशा वेळी साखर द्यायची असते, तशी साखरपाण्याची वाटी दिली. लगेच सावरली. पण सावरताना माझ्याकडे जरा परक्यासारखी बघत होती. मग म्हणाली, गूळपोळी हवी. तिने गूळपोळी कधी खाल्लेलीच नाही, सासूबाईंकडे तिळाची वडी असते. मी विचारलं, तुला गं कुणी सांगितलं? तर म्हणाली, मोठ्या डब्यात, फडताळात वर, आईने लपवून ठेवल्यात.

मी कशाला लपवू? आमच्याकडे फडताळच नाही.

१७ डिसेंबर

उत्तरा डाव्या हाताने लिहू लागली आहे. वही बघितली, अक्षर सुबक आहे. तिचं नाही.

सुई टोचताना करंगळी धरत नाही आता. मी सांगून टोचलं, तरी दुसरीकडे बघत होती.

पडवीच्या आढ्याला एक कडी आहे. तिथला झोपाळा कुठे गेला म्हणून तिने सुहासिनीबाईंना विचारलं. त्यांच्या हातातलं ताट पडलं.

१९ डिसेंबर

आज दुपारी स्पिरिट आणायला आतल्या खोलीत गेले, तर सुहासिनीबाई कपाटासमोर पाट मांडून बसलेल्या. कपाट उघडं. खालच्या फळीवर गुळाच्या पाण्याची वाटी, नैवेद्याला ठेवतात तशी, भोवती पाण्याचं मंडल केलेलं. वाटीच्या मागे एक बरणी. बरणीत मिठाचं पाणी आणि त्यात एक ग्रंथी. मी इतक्या दिवसांत शेकडो हाताळल्या आहेत. म्हशीची एवढीशी नसते.

माझ्यादेखत तिच्यातून धुरासारखं काहीतरी सुटलं आणि पाणी गढूळ झालं. सुहासिनीबाई अगदी हळू म्हणाल्या, "झालं का गं पोट भरून?"

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. मी विचारायच्या आतच सांगितलं, जणू वाटच बघत होते.

त्यांना मुलगी होती. कमळ. घरात कमू म्हणत. सात वर्षांपूर्वी तिला विषमज्वर झाला. त्या तापात पोटात काही जाऊ द्यायचं नाही, आतडं फाटतं, म्हणून लंघन. नुसतं उकळलेलं पाणी. डॉक्टर स्वतःच पथ्य बघत होते. संक्रांत आली. सुहासिनीबाईंनी देवापुरत्या गूळपोळ्या केल्या आणि डबा फडताळात वर ठेवला. पोरीला वास आला. ती दिवसभर मागत राहिली. एक घास दे, अर्धा दे, नुसती चाटू दे. बापाने नाही म्हटलं. बाप डॉक्टर होता. संध्याकाळच्या आत गेली.

नंतर त्यांनी आपल्या हातांनी... लिहवत नाही. ती गच्च जांभळी काचपट्टी तिची होती. इतके दिवस उपाशी, सगळ्या पुड्या बांधून दाराशी, साखरेची वाट बघत. मेलेल्या पेशीत काही उरत नाही असं शास्त्र सांगतं, डॉक्टर म्हणाले. पण ही नासली नाही. सोडतही नव्हती. एका संक्रांतीला सुहासिनीबाईंनी समोर गूळ ठेवला, तेव्हा सुटली.

माझ्या उत्तराच्या अंगात आज ते आहे. मी स्वतः टोचलं.

२४ डिसेंबर

मुंबईहून परदेशी बाटली आली. ती छोटी कुपी मी डॉक्टरांना परत दिली. आता पोरीच्या अंगात परकं काही जाणार नाही.

२७ डिसेंबर

परदेशी औषध तिला लागू पडत नाही. विटकरी. पुन्हा विटकरी. मात्रा वाढवली, तरी तेच. तोंडाला तो वास यायला लागला आहे.

पण या तीन दिवसांत ती माझी होती! हेडमास्तरांची चौकशी केली. करंगळी धरली. म्हणाली, "आई, मी मधेमधे कुठे जाते गं?" मी तिला छातीशी धरलं. मला काय माहीत कुठे जातेस, बाळा.

२८ डिसेंबर

मीच गेले. मीच मागितली कुपी. डॉक्टर म्हणाले, विचार करा. काय विचार करू? मरू देऊ?

निळं.

४ जानेवारी १९५४

उत्तरा म्हणून हाक मारली की वळत नाही. कमू म्हणून कुणी मारत नाही, तरी कुणीतरी मारल्यासारखी उठून आत जाते. बंगल्यात जाते. आमच्या खोलीत तिला करमत नाही.

ठमाबाई म्हणते, "बाय, पोरीला घेऊन जा. ह्या घरान नको ऱ्हाव." कुठे जाऊ, तेही सांग म्हटलं. ती पदराला डोळे पुसत बाटल्या धूत बसली.

८ जानेवारी

बरणीतली ग्रंथी सुकून चिंचोक्याएवढी झाली. डॉक्टरांनी छेद घेऊन दाखवला. पेशी रिकाम्या. एक जांभळा कण नाही. मला वाटलं, संपलं, आता उत्तराचंही संपलं. पण दोन दिवस सुई नाही आणि पाणी निळंच आहे.

आता हिच्याच पोटात भरल्या आहेत पुड्या, असं डॉक्टर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. सगळ्या सोडलेल्या नाहीत, थोड्याथोड्या सोडते आहे. एकदा पोटभर गोड मिळालं की उरलेलं सगळं सुटेल आणि मग कायमचं शांत. मुलगी पूर्ण बरी होईल.

मी विचारलं, कुणाची मुलगी?

ते काचपट्टी पुसत राहिले. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं.

प्रत्येक वेळी साखर दिली की ती माझ्यापासून लांब गेली आहे. आता लक्षात येतं आहे. साखरपाण्याची पहिली वाटीसुद्धा मीच दिली होती.

११ जानेवारी

पळाले. सुहासिनीबाई देवळात गेल्या होत्या, तेवढ्यात टांगा बोलावला. ठाणे दिसायला लागलं तोच ती घामाने न्हाली, डोळे फिरले, दातखीळ. हे साखर उतरल्याचं लक्षण. साखर देऊ नये, कळत होतं. पण पोर तर माझ्या मांडीवर मरत होती. टांगेवाल्याने वाटेवरच्या दुकानातून चिक्की आणली, ती कुटून जिभेवर ठेवली.

उठून बसली. माझ्याकडे बघून नम्रपणे म्हणाली की तुम्ही मला कुठे नेताय? मग टांगेवाल्याला म्हणाली, मागे वळवा, माझं घर खाडीकडे आहे. त्याने वळवला, मी अडवलं नाही.

आपल्या आईला कुणी तुम्ही म्हणतं का?

१३ जानेवारी, भोगी

तिला काही गोड द्यायचं नाही असं ठरवलं आहे. भाकरी, भाजी, ताक. दाराला आतून कडी.

सुहासिनीबाई दाराबाहेर बसून आहेत. उद्या हळदीकुंकवाला बायका येतील, पोरीला परकर-पोलकं शिवलं आहे, असं म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दुष्टपणा असता तर मी आतून ओरडले असते. त्या फक्त विनवतात. म्हणतात, मी सात वर्षं ऐकते आहे, अर्धा घास दे, नुसती चाटू दे.

बाकी दिवस बरा गेला. ती झोपली तेव्हा कपाळावर हात फिरवला. झोपेत ती उत्तराच दिसते. भुवईपाशी लहानपणी पडली होती त्याची खूण.

१४ जानेवारी, संक्रांत

सकाळपासून बंगल्यातून वास येतो आहे. भाजलेले तीळ, बेसन, गूळ, तूप. खिडक्या लावल्या. तरी येतो.

तिला आला.

—

मागते आहे. आधी हट्टाने. आता रडून. एक घास. मी नाही म्हटलं. अर्धा. नाही म्हटलं.

नुसती चाटू द्या.

मी कुणासारखी बोलते आहे?

—

दुपार. थरथर सुरू. घाम. भाकरीचा घास भरवला, थुंकला. साखरपाणी आणलं — हो, आणलं, शेवटी आणलं — दात घट्ट. गूळपोळी. दुसरं काही नाही.

ओठ निळे होत आहेत.

डॉक्टर खिडकीतून ओरडत आहेत, द्या, उशीर करू नका, मी एकदा केला. बाप रडतो आहे बाहेर. 

दिली तर जाईल. नाही दिली तरी — 

—

कडी काढली. सुहासिनीबाईंनी ताट पुढे केलं, वर तूप. आत येऊ का म्हणून विचारलंसुद्धा नाही त्यांनी. मी म्हटलं, मी भरवते. निदान मला भरवू द्या. त्यांनी मान हलवली. दाराशीच उभ्या आहेत.

एका हाताने लिहिते आहे. लिहिलं नाही तर नंतर मला कुणी सांगणार नाही की मला एक मुलगी होती. उत्तरा. भुवईपाशी खूण. बगळ्याला हेडमास्तर म्हणायची. टोच, पण सांगून टोच म्हणायची.

तुकडा ओठांशी धरला. म्हटलं, उत्तरा, बाळा, सांगून देते आहे हं. देते आहे आता.

करंगळी धरली! तिने माझी करंगळी धरली, घट्ट, पूर्वीसारखी — आहे, अजून आहे माझी —

खाते आहे. दुसरा घास. रंग येतो आहे ओठांना. अर्धी झाली. 

पकड सैल — नको, उत्तरा, थोडं थांब, एवढ्यात नको —

सोडली.

डोळे उघडले. केवढी गोड हसते आहे. पोट भरलेल्या मुलासारखी. माझ्याकडे बघून विचारते आहे, तुम्ही का रडताय, काकू? माझी आई कुठे आहे?